नॉब फिरतो, आवाज हलत नाही

माझ्या भाचीने घरी बनवलेल्या गिटारच्या पेडलचा एक नॉब नीट चालत नव्हता. त्यातला दोष शोधायला मला दीड महिना लागला आणि त्या दीड महिन्यात मूळच्या एका दोषाचे मी दोन करून ठेवले. अखेर दोन्ही सापडले तेव्हा लक्षात आले, की ज्या भागाला आम्ही पहिल्या दिवसापासून आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते, तो दोन्ही वेळा निर्दोष होता.

एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मीटर, रोधपेट्या आणि ऑसिलोस्कोप दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे ही चूक अधिकच बोचली. पण तिने एक गोष्ट शिकवली. रेडिओचा आवाज असो, पंख्याचा वेग असो की दिव्याचा प्रकाश, कमी-जास्त करणारी कळ बिघडली असे आपण म्हणतो, तेव्हा बिघाड कळीपाशी फक्त दिसत असतो. तो राहत असतो दुसरीकडेच. हे कसे, ते त्या एका नॉबच्या निमित्ताने उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे.

बिघाडातून जन्मलेले खोके

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेची वेटोळी. वरची पोलादी तार कंप पावली, की वेटोळ्यात क्षीण विद्युतदाब तयार होतो, साधारण एक दशांश व्होल्टच्या आसपास. हा संकेत केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जातो. वाटेत एखादे लहानसे खोके ठेवून त्या संकेताचे रूप बदलता येते. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे खोके जमिनीवर ठेवतात आणि त्याचा खटका पायाने दाबतात. म्हणून त्याला पेडल म्हणायचे.

या खोक्यांतला एक जुना आणि लाडका प्रकार आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचा. त्याचा जन्म एका बिघाडातून झाला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या नॅशव्हिलमधील ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांचे बास गिटार ध्वनिमुद्रण-टेबलाच्या एका नादुरुस्त वाहिनीतून गेले आणि त्याचा आवाज फाटका, गुरगुरल्यासारखा आला. तो तसाच ठेवला गेला. लोकांना तो आवडला. मग ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच परिणाम मुद्दाम घडवणारे ट्रान्झिस्टरचे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आणले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तो आवाज जगभर ऐकू गेला आणि मग अशा खोक्यांना तोटा राहिला नाही.

भाचीने निवडलेले सर्किट १९७० च्या दशकातले, एमएक्सआर कंपनीच्या ‘डिस्टॉर्शन प्लस’ या पेडलचे. घरी पेडल बनवणाऱ्यांमध्ये ते फार प्रिय आहे, कारण भाग थोडे आणि मांडणी सरळ. मध्यभागी ७४१ ही आठ पायांची चिप. डेव्ह फुलॅगर यांनी फेअरचाइल्ड कंपनीत आखलेली ही चिप १९६८ साली आली आणि आपल्याकडच्या विज्ञान शाखेच्या कित्येक पिढ्यांनी प्रयोगशाळेत ती हाताळली आहे. ती गिटारचा संकेत कित्येक पटींनी वाढवते. पुढे जर्मेनियमचे दोन डायोड उलटसुलट जोडलेले असतात. साधारण ०.३ व्होल्टच्या वर गेलेली लाट ते छाटून टाकतात. डोंगराचे शिखर कापून पठार करावे तसे. या छाटलेल्या लाटेचा आवाज म्हणजेच तो फाटका, दाट, लांबत जाणारा स्वर.

पेडलवर नॉब दोनच. एक ‘ड्राइव्ह’चा, म्हणजे चिपने संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारा. दुसरा बाहेर पडणाऱ्या आवाजाचा. संकेत जितका जास्त वाढेल तितका तो जास्त छाटला जाईल, म्हणजे पहिला नॉब खरे तर फाटकेपणाचा नॉब आहे. आमचे सगळे रामायण त्याच्यापासून सुरू झाले.

‘हा नॉब नाही, बटण आहे’

पेडल घेऊन आली तेव्हा तिचे पहिले वाक्य होते, ‘‘मामा, हा नॉब नाही, बटण आहे. सगळं शेवटी शेवटी येतं.’’ मी गिटार लावून पाहिली. नॉब डावीकडून उजवीकडे फिरवत गेलो. निम्म्यापर्यंत काही नाही. पाऊण फेरा झाला तरी थोडासाच फरक. आणि शेवटच्या टोकाला पोचता पोचता एकदम आवाज फाटला.

मी झाकण उघडले. सोल्डरचे काही सांधे चकचकीत नव्हते, मळकट राखाडी होते. हौशी माणसाच्या कामात पहिला संशय तिथेच जातो. ‘‘सोल्डर कच्चं आहे,’’ असे सांगून मी मोकळा झालो आणि सगळे सांधे पुन्हा तापवायला लावले. फरक शून्य. दुसऱ्यांदा मी स्वतः बसलो. पाच-सहा भाग उपसून काढले, त्यांचे पाय घासून स्वच्छ केले, परत बसवले. ड्राइव्हचा नॉब होता तसाच राहिला, आणि आता आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येऊ लागली.

यावर माझा निकाल तयारच होता : पॉट स्वस्तातले आहेत. पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, नॉबच्या खाली लपलेला तीन पायांचा भाग. त्यात फवारा मारला. खरखर दोन दिवस कमी वाटली, मग परत आली. तेव्हा पुण्यात तपकीर गल्लीत गेलो, दोन्ही जुने पॉट दुकानदारापुढे ठेवले आणि ‘असेच द्या’ म्हणालो. नवे बसवले. ड्राइव्ह तसाच, खरखर तशीच. या तिसऱ्या खेपेत बोर्डवरची तांब्याची एक पट्टी उष्णतेने सुटून वर आली. भाचीने ती पाहिली, काही बोलली नाही. पेडल पिशवीत घातले आणि म्हणाली, ‘‘कॉलेजचा कार्यक्रम होऊ दे, मग बघू.’’

कार्यक्रम झाला. पेडल परत आले तेव्हा ड्राइव्हच्या नॉबशेजारी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका होता, जवळजवळ उजव्या टोकाला. ‘‘एवढ्याच जागेत तो चालतो, म्हणून खूण केली,’’ ती म्हणाली. मी दीड महिन्यात न केलेले मोजमाप तिने ठिपक्याने करून ठेवले होते. सोल्डर कच्चे असते, तर आवाज कधी आला असता, कधी गेला असता. बोर्ड हलवला की बदलला असता. हा नॉब रोज, प्रत्येक वेळी, त्याच जागी जागा होत होता. इतका शिस्तीचा वागणारा भाग तुटका नसतो. तो कुठला तरी नियम पाळत असतो. आता तो नियम शोधायचा होता.

तीन पायांचा भाग

बारावीला विज्ञान घेतलेल्यांना लाकडी फळीवर ताणलेल्या लांब तारेचा प्रयोग आठवत असेल. तारेच्या दोन टोकांना विद्युतदाब द्यायचा आणि एक टोकदार किल्ली तारेवर सरकवत नेऊन मधल्या बिंदूचा दाब शोधायचा. ही पद्धत जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये मांडली. नॉबखालचा पॉट म्हणजे तीच तार, गोल वळवलेली. तारेच्या जागी कार्बनचा लेप दिलेली नालाच्या आकाराची पट्टी असते. तिच्या दोन टोकांना दोन पाय, आणि पट्टीवरून घसरणाऱ्या पात्याला जोडलेला मधला पाय. नॉब फिरवला की पाते सरकते आणि मधल्या पायापासून एका टोकापर्यंतचा रोध वाढतो, दुसऱ्या टोकापर्यंतचा तेवढाच घटतो.

या वेळी मी पॉट सर्किटातून सोडवला आणि मग मीटर लावला. हे महत्त्वाचे आहे. सर्किटात असताना मोजला तर आजूबाजूच्या भागांतूनही प्रवाह वाट काढतो आणि आकडे फसवतात. दोन टोकांमध्ये ५०० किलोओहमच्या जवळपास. नॉब निम्म्यावर आणला तर मधल्या पायापासून दोन्हीकडे २५० च्या आसपास. सावकाश फिरवताना आकडा कुठेही न अडखळता चढला. प्रयोगशाळेत नमुना म्हणून ठेवावा असा पॉट. आणि कपाटात टाकलेला जुना काढून मोजला, तर तोही असाच.

मग कागद घेऊन बसलो.

भागाकाराची करामत

या सर्किटात चिपच्या बाहेर पडणाऱ्या संकेताचा काही भाग परत तिच्याच एका पायाकडे वळवलेला असतो. परतीच्या वाटेवर १ मेगओहमचा, म्हणजे १,००० किलोओहमचा रोधक आहे. त्याच पायापासून जमिनीकडे जाणाऱ्या वाटेवर एक कपॅसिटर, ४.७ किलोओहमचा एक रोधक आणि आपला ५०० किलोओहमचा पॉट एकापाठोपाठ एक आहेत. संकेत किती पट वाढणार याचे गणित सोपे आहे : १,००० ला जमिनीकडच्या वाटेतल्या एकूण रोधाने भागायचे आणि त्यात एक मिळवायचा. कपॅसिटर तूर्त बाजूला ठेवू.

नॉब पूर्ण डावीकडे असताना वाटेत ५०४.७ किलोओहम आहेत. संकेत वाढतो सुमारे ३ पट. नॉब निम्म्यावर आणला, पॉटचे २५० उरले : सुमारे ५ पट. पाऊण फेरा, १२५ उरले : पावणेनऊ पट. दहापैकी नऊ भाग फिरवला, ५० उरले : १९ पट. आणि पूर्ण उजवीकडे, पॉटचे काहीच उरले नाही, फक्त ते ४.७ किलोओहम : सुमारे २१४ पट.

म्हणजे नऊ दशांश प्रवासात ३ वरून १९, आणि उरलेल्या एक दशांशात १९ वरून २१४. असा नॉब साधारण ३०० अंशांत फिरतो. त्याचे शेवटचे ३० अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंतचे अंतर. सगळी मजा तेवढ्यात कोंबलेली. भाचीचा लाल ठिपका बरोबर त्याच पट्ट्यात होता.

पॉट रोध अगदी समान पावलांनी कमी करत होता. पण रोध आहे छेदात. पाचशेतून पन्नास गेले तर भागाकाराला फारसे कळतही नाही. पन्नासातून पन्नास गेले, की सगळे चित्र पालटते. नॉबची चाल समान, परिणामाची चाल मात्र शेवटी झेपावणारी. तिचे ‘सगळं शेवटी शेवटी येतं’ हे वाक्य या गणिताचे अचूक मराठी रूप होते. मी ते तक्रार म्हणून ऐकले, निरीक्षण म्हणून ऐकले नाही.

तो कपॅसिटर ४७ नॅनोफॅरडचा आहे आणि त्याच्यामुळे याच नॉबकडे आणखी एक काम येते. कपॅसिटर खालच्या सुरांना अडवतो. नॉब डावीकडे असताना वाटेत मुळातच मोठा रोध असल्यामुळे ही अडवणूक जाणवत नाही. नॉब टोकाला नेला, की ती उघडी पडते. सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर मागे पडू लागतात. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झच्या सुमारास वाजते. तिचा तो मूळ सूर २१४ पट वाढत नाही, जेमतेम २४ पट वाढतो. त्यामुळे फाटका आवाज गढूळ न होता धारदार राहतो. शेवटच्या ३० अंशांत आवाज वाढतो तसा त्याचा पोतही बदलतो, तो यामुळे. एवढे सगळे बदल एका आकड्याच्या अंतरात घडत असतील, तर कोणाच्याही बोटांना ते सांभाळता येणार नाहीत.

कान पटीत मोजतो

आता प्रश्न असा, की मग नॉब कसा चालायला हवा? याचे उत्तर सर्किटात नाही, कानात आहे.

अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली तर खोली उजळते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शंभर पणत्या तेवत असलेल्या अंगणात एकशे एकावी लावली, तर ती लावणाऱ्यालाच ठाऊक. प्रकाशात भर पडली तेवढीच, पण डोळा भर मोजत नाही. आधी असलेल्याच्या किती पट झाले, ते पाहतो. लाइपझिगचे एर्न्स्ट वेबर यांनी वजने उचलण्याच्या प्रयोगांतून ही गोष्ट ताडली आणि गुस्ताव फेशनर यांनी १८६० साली तिला गणिताचे रूप दिले. संवेदना समान पावलांनी वाढायची, तर उद्दीपन समान पटींनी वाढावे लागते. सगळीकडे हा नियम काटेकोर लागू पडत नाही, पण आवाजाच्या बाबतीत कामचलाऊ म्हणून तो उत्तम आहे.

आपल्या संगीतात हे सुरांच्या बाबतीत मुरलेलेच आहे. मंद्र सप्तकातल्या सा पासून मध्य सप्तकातला सा दुप्पट कंपनांचा, आणि त्यापासून तार सप्तकातला सा पुन्हा दुप्पट. पहिली उडी शंभर कंपनांची असली तर दुसरी दोनशेंची. तरी कानाला दोन्ही अंतरे सारखीच वाटतात, आणि पेटीवर दोन्ही सप्तकांच्या पट्ट्या सारख्याच जागेत बसवलेल्या असतात. पेटी बनवणाऱ्याने कानाचा हिशेब हाताला मोजून दिला आहे.

आवाजाच्या लहान-मोठेपणासाठी हाच हिशेब डेसिबल या एककात करतात. आमच्या नॉबचे आकडे डेसिबलमध्ये मांडले तर एकूण प्रवास सुमारे ३७ डेसिबलचा. पैकी पहिल्या निम्म्या फेऱ्यात जेमतेम साडेचार, नऊ दशांशापर्यंत सोळा, आणि शेवटच्या एक दशांशात एकवीस. त्यातून गिटारचा दहावा हिस्सा व्होल्ट तिप्पट झाला तर ०.३ व्होल्ट होतो, म्हणजे डायोड जिथे छाटायला सुरुवात करतात त्याच्या अगदी काठावर. पहिला निम्मा फेरा या काठाच्या आसपासच रेंगाळत होता. कानाला तो मृत वाटला यात नवल नाही.

पॉट बनवणाऱ्यांना हा पेच पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून पॉट तीन चालींचे मिळतात. एक समान चालीचा : निम्म्या फेऱ्याला निम्मा रोध. दुसरा लघुगणकी, ज्याला बाजारात ‘लॉग’ म्हणतात : निम्म्या फेऱ्याला डावीकडून मोजलेला रोध एकूणाच्या १० ते १५ टक्केच, बाकीचा पुढच्या अर्ध्यात. रेडिओच्या आवाजाला हा लावतात. आणि तिसरा उलटा लॉग : निम्म्या फेऱ्यालाच ८५ ते ९० टक्के संपलेला. प्रत्यक्षात कार्बनची पट्टी काटेकोर लघुगणकी बनवणे कठीण असते, म्हणून निरनिराळ्या रोधाचे दोन-तीन तुकडे जोडून काम भागवतात. कानाला तेवढे पुरते.

हल्ली सर्रास मिळणाऱ्या पॉटवर समान चालीसाठी बी, लॉगसाठी ए आणि उलट्या लॉगसाठी सी हे अक्षर असते. काही जुन्या युरोपीय भागांवर अक्षरांचे अर्थ वेगळे असतात, म्हणून अक्षरावर न विसंबता नॉब निम्म्यावर आणून मीटरने खात्री करावी. आमच्या दोन्ही पॉटवर ‘बी ५०० के’ असे होते. या जागी हवा होता सी. उलटा लॉग लावला, तर निम्म्या फेऱ्याला वाटेत ५० ते ७५ किलोओहम उरतात आणि संकेत १४ ते १९ पट वाढतो. म्हणजे डेसिबलच्या हिशेबात निम्म्याच्या जरा अलीकडे. हाताला असा नॉब फिरवल्यासारखा वाटतो.

भाचीची वही उघडून पाहिली. आराखडा वहीत उतरवताना आकडा आला होता, अक्षर गळले होते. दुकानात ५०० मागितल्यावर मिळाला तो बी, कारण तोच सर्वांत जास्त खपतो. आणि मी नवा आणताना जुना दाखवून ‘असाच द्या’ म्हणालो, तेव्हा तीच चूक पदरचे पैसे देऊन पुन्हा विकत घेतली.

खरखर कुणाची?

आता दुसरा नॉब. पॉट खरखरला की पट्टीवर धूळ बसली किंवा लेप झिजला, असे सगळेच धरून चालतात आणि जुन्या रेडिओत बहुधा तसेच असते. पण नव्या कोऱ्या पॉटनेही खरखर थांबली नाही, तेव्हा हे कारण बाद व्हायला हवे होते.

खरखरीचे दुसरे कारण असे. पॉटवर फक्त गिटारचा हलता संकेत यायला हवा. तिथे स्थिर विद्युतदाबही पोचला, तर पाते सरकताना होणारा प्रत्येक बारीक झटका त्या दाबाला कापतो आणि ते कापणे ऐकू येते. हा स्थिर दाब येतो कुठून? ९ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर चालणाऱ्या अशा सर्किटात चिप साडेचार व्होल्टवर बसवलेली असते, म्हणजे संकेताला वर आणि खाली हलायला सारखी जागा मिळते. हे साडेचार व्होल्ट पुढे जाऊ नयेत म्हणून चिपच्या तोंडाशी १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो हलता संकेत जाऊ देतो, स्थिर दाब अडवतो.

मी पेडलमध्ये केबल लावली, कारण बहुतेक पेडलांत केबल घातल्याशिवाय बॅटरी जोडलीच जात नाही. गिटार न वाजवता आवाजाच्या पॉटच्या दोन टोकांना मीटर धरला. शून्य दिसायला हवे होते. दिसले ०.१८ व्होल्ट. कपॅसिटर गळत होता.

तो का गळतो, हे पाहायला भिंगाचीही गरज पडली नाही. या जातीच्या कपॅसिटरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि अडवण्याचे काम तोच करतो. धन बाजू धनाकडे असेल तर थर टिकतो. उलटी जोडली तर तो खचू लागतो आणि प्रवाह झिरपतो. म्हणून अशा कपॅसिटरच्या अंगावर ऋण बाजूची पट्टी छापलेली असते. आमच्या कपॅसिटरची ती पट्टी चिपच्या बाजूला होती. अगदी उलटी.

भाचीने बोर्ड पूर्ण केला त्या दिवशी फोनवर फोटो काढला होता. तो मागवून पाहिला. फोटोत कपॅसिटर बरोबर होता. दुसऱ्या दुरुस्तीत जे पाच-सहा भाग मी उपसून, पाय घासून परत बसवले, त्यात तोही होता. खरखर सुरू झाली ती त्याच संध्याकाळी, आणि दोष मी दिला तिच्या पॉटला. नवा कपॅसिटर सरळ लावल्यावर मीटरने शून्य दाखवले आणि नॉब मुकाट फिरू लागला.

नॉबला हात लावण्यापूर्वी

या अनुभवातून मी स्वतःसाठी काही क्रम ठरवला आहे. घरी अशी खोकी बनवणाऱ्या मुलांची संख्या वाढते आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल.

पहिले, तक्रार बनवणाऱ्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी : काय होते, नॉबच्या कोणत्या जागी होते, केव्हापासून होते. ‘केव्हापासून’ला मी फार महत्त्व देतो. खरखर माझ्या दुरुस्तीनंतर सुरू झाली, एवढे जरी लिहून ठेवले असते तरी महिना वाचला असता. दुसरे, काहीही उपसण्यापूर्वी फोटो काढावा. तिसरे, लक्षणे वेगळी ओळखावीत. हलवल्यावर बदलते ते सांध्याचे. नेहमी एकाच जागी घडते ते चालीचे किंवा गणिताचे. फिरवताना खरखरते ते धुळीचे किंवा स्थिर दाबाचे, आणि या दोहोंचा निवाडा मीटर एका मिनिटात करतो. नॉब उलट्या दिशेने चालत असेल तर टोकाच्या दोन पायांची अदलाबदल झालेली असते. आराखड्यात पॉट समोरून काढलेला असतो आणि सोल्डर आपण मागून करतो, त्यामुळे ही चूक फार होते. चौथे, भाग बदलायचाच असेल तर ‘असाच द्या’ म्हणण्याआधी ‘असाच हवा होता का’ हे आराखड्यात पाहावे. आणि एक सावधगिरी : हे सगळे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेडलपुरतेच. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही काळ ते कपॅसिटरमध्ये साठून राहतात. तिथे हौशी माणसाने हात घालू नये.

राहिला ड्राइव्हचा पॉट. ५०० किलोओहमचा उलटा लॉग आमच्या नेहमीच्या दुकानांत नव्हता. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारावी, असा माझा विचार होता. तोवर दोन पर्याय होते. १०० किलोओहमचा समान चालीचा पॉट लावला, तर नॉबची चाल बरीच सुधारते, पण संकेत साडेदहा पटींच्या खाली येतच नाही, म्हणजे सौम्य आवाज हातचा जातो. दुसरा पर्याय, साधा लॉग पॉट उलटा जोडणे. उलट्या लॉगची चाल जशीच्या तशी मिळते, फक्त नॉब उजवीकडून डावीकडे वाढतो.

भाचीने दुसरा पर्याय निवडला. सुटलेल्या तांब्याच्या पट्टीच्या जागी वायरचा तुकडा तिनेच जोडला, पॉटही तिनेच बसवला. मी शेजारी बसून फक्त मीटर धरला. निम्म्या फेऱ्याला आवाज अर्धवट फाटला, पाऊण फेऱ्याला दाट झाला, टोकाला पूर्ण उसळला. नेलपॉलिशचा जुना ठिपका तिने पुसला आणि डाव्या टोकाशी ‘जास्त’ असे मराठीत लिहिले.

पुढच्या महिन्यात लॅमिंग्टन रोडवरून मी सी अक्षराचा पॉट आणला. तिने तो हातात घेऊन निम्म्यावर फिरवला, मीटर लावून आकडा पाहिला आणि परत पाकिटात ठेवला. ‘‘राहू दे मामा, पुढच्या पेडलला वापरीन. याची सवय झाली आता हाताला.’’